जकातदाराची पहिली मोहीम

तीस वर्षं फेर्नेत्तीच्या नाक्यावर बसलो मी.
ट्रकांच्या ताडपत्र्या उचलल्या,
एकावर एक तीन जीन्स चढवून
घरी परतणाऱ्या बाया पाहिल्या,
आणि पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं.
मग एका डिसेंबरात नाकाच उठला.

आता त्रिएस्तेत, चौथ्या मजल्यावर,
खालच्या बिऱ्हाडातली झार्या
मला राज्य करायला शिकवते.
वय सोळा. शिकवण्याची रीत फौजदाराची.
"लिव्यो काका, आधी स्पेसबार.
काळ थांबवा, मग काय तो विचार करा."
या वयात हे कुणी सांगावं!

पहिल्या दिवशी नुसता नकाशाच पाहिला.
बाकीचे म्हणे मोठी साम्राज्यं घेतात.
मी घेतलं मिठागरांचं एक चिमुकलं संस्थान,
माउसच्या बाणाखाली झाकलं जाईल एवढं.
राजा चोपन्न वर्षांचा, वारस नाही,
खजिन्यात एकोणतीस मोहरा,
कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या अकरा सूचना,
त्यातल्या नऊ मला कळल्याच नाहीत.

बुडालो. अर्थात बुडालो.
फौजेसाठी कर्ज, कर्जाच्या व्याजासाठी कर्ज,
शेवटी फौजच माझ्यावर उलटली.
दुसऱ्या खेपेस रसद तुटली:
भर हिवाळ्यात सैन्य डोंगरावर चढवलं,
शेजारी एक आकडा उतरत होता,
मला वाटलं, तापमान असेल.
माणसं होती ती.
झार्या इतकी हसली
की खुर्चीवरून घसरली.

मग आला तो धडा.
शेजारची टेकडी हवी असेल
तर उठून चालून जाता येत नाही,
युद्धाला निमित्त लागतं.
नसलं तर घडवून घ्यायचं:
एक कारकून पाठवा, वीस मोहरा द्या,
दोन वर्षांत जुना दस्तऐवज सापडतो.
"म्हणजे खोटा?"
"म्हणजे दावा," ती चिप्स खात म्हणाली.

मी.
शाईचा वास घेऊन बनावट परवाने ओळखणारा,
एका वाकड्या शिक्क्यापायी
कुठल्याशा बल्गेरियन ड्रायव्हरला
रडू येईस्तोवर पावसात उभा ठेवणारा मी,
मी बटण दाबलं.
आणि सांगायला लाज वाटते,
ती दोन वर्षं मला लांब वाटली. वेग वाढवला.

टेकडी पडली. तह झाला.
पिवळ्याचं निळं झालं, पापणी लवायच्या आत.
"जमलं की!" झार्यानं पाठीवर थाप मारली.

माझी आई या शहरामागच्या डोंगरावर
एकाच घरात जन्मली, एकाच घरात गेली.
तिच्या कपाटात चार तऱ्हांचे कागद,
चार शिक्के, तिचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं.
म्हणायची, मी कुठे हलले?
हलत होते ते तेच.

टेकडीवर माउस नेला की पाटी उघडते:
कर, मनुष्यबळ, धर्म, भाषा, असंतोष.
खाली सरकवून पाहिलं.
तेवढंच.

मी तिथला कर माफ केला. दहा वर्षं.
झार्यानं कपाळाला हात लावला.
"असं नसतं खेळायचं, काका.
खजिना रिकामा होईल. असंतोष काय,
तो आपोआप उतरतो."
आपोआप.

बाहेर बोरा सुटला होता,
झडपा धाडधाड आपटत होत्या,
त्या वाऱ्याला कुठला आलाय स्पेसबार.
जाताना जिन्यातून ओरडली, उद्या आरमार!

मी लॅपटॉप मिटला नाही.
मार्चची सात तारीख, थांबवलेली.
त्या टेकडीवर, नव्याकोऱ्या निळ्यात,
कुणी तरी दाराला कडी घालत असेल,
हात अजून कडीवरच.